ओजेटीचे १२० तास : विद्यार्थ्याला गुण, मग आस्थापनेला का नाहीत?

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य,
राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठे

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : ऑन जॉब ट्रेनिंगच्या (ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायचं प्रशिक्षण) दर्जाचं मूल्यमापन करण्याबाबत

महोदय / महोदया,

संलग्न महाविद्यालयांत ओजेटीचं समन्वयन करणारे आम्ही शिक्षक आहोत. ठिकाण शोधायचं, पत्र काढायचं, नोंदवही तपासायची, तोंडी घ्यायची आणि शेवटी पोर्टलवर गुण भरायचे, हे आमचं काम. त्या गुणांखाली सही आमची असते. विद्यार्थ्यानं तिथे जाऊन नेमकं काय केलं, हे मात्र बऱ्याचदा आम्हालाच ठाऊक नसतं, आणि विद्यापीठानं ते आम्हाला कधी विचारलेलंही नाही. परीक्षा विभागाला गुण हवेत, आयक्यूएसीला (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला) जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो हवेत. फोटोत विद्यार्थी कुठे उभा आहे ते दिसतं, तिथे त्याला काय शिकवलं ते दिसत नाही.

हे पत्र आत्ता आणि जाहीरपणे लिहायचं कारण असं. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटची ओजेटी आली. तिथे वर्गात वीस-पंचवीस विद्यार्थी असतात, त्यामुळे कसंबसं निभावतं. बहुतेक संलग्न महाविद्यालयांत पदवीचा नवा आराखडा २०२४-२५ मध्ये सुरू झाला. ती मुलं २०२६-२७ मध्ये तृतीय वर्षाला असतील आणि सहाव्या सत्रात त्यांनाही चार क्रेडिटची ओजेटी आहे. एमएससीच्या वीस विद्यार्थ्यांसाठी ठिकाणं शोधताना ज्या तालुक्यात दमछाक होते, तिथेच बीए, बीकॉम, बीएससीचे काहीशे विद्यार्थी एकाच वेळी दार ठोठावणार आहेत. तोवर दर्जा तपासायची काही रीत बसली नाही, तर ही चार क्रेडिट म्हणजे सही-शिक्क्याचा बाजार होईल. सुरुवात झालेलीच आहे.

आमच्या तक्रारी अशा.

एक. तासांचा हिशेबच जमत नाही. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटना १२० तास. रोज आठ तासांनी पंधरा कामाचे दिवस. त्यातले दोन-तीन दिवस ओळखपाळख आणि ‘साहेब आज नाहीत, उद्या या’ यात जातात, शेवटचे दोन अहवाल आणि शिक्क्यासाठी. हातात उरले दहा दिवस. तेही सलग मिळाले तर काहीतरी शिकता येतं. पण पदव्युत्तर सत्र २२ क्रेडिटचं आहे. ओजेटीचे चार सोडले तर उरलेल्या १८ क्रेडिटचे तास आणि प्रात्यक्षिकं त्याच सत्रात चालू असतात. मग विद्यार्थी आठ शनिवार-रविवार जातो, किंवा परीक्षा झाल्यावर सुट्टीत जातो. सुट्टीत गेला तर गुण भरायची मुदत आधीच संपलेली असते, म्हणून प्रमाणपत्र आधी आणि काम नंतर असा उलटा प्रकार होतो. ते काम पुढे होतंच असं नाही.

शनिवार-रविवारच्या ओजेटीनं काय हुकतं, याचं एक उदाहरण पुरे. सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत जातो. तिथली रोजची मुख्य चाचणी बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात ते मोजायची. आपल्याकडच्या मानक पद्धतीत नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवायचा आणि मग उरलेला प्राणवायू मोजायचा. शनिवारी लावलेला नमुना मंगळवारी वाचतात. शनिवार-रविवार येणाऱ्या मुलाला बाटली भरताना दिसते, उत्तर कधीच दिसत नाही. आठ आठवडे येऊनही एक चाचणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या हातून होत नाही. नोंदवहीत मात्र ‘बीओडी चाचणी शिकलो’ असं लिहिलेलं असतं, आणि आम्ही त्याला गुण देतो.

दोन. सत्राचं वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं, पण कामाला स्वतःचा हंगाम असतो. साखर कारखान्याची प्रयोगशाळा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम जागा. ब्रिक्स (रसातले विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (रसातली साखर) मोजणं, मळीचे नमुने, तीन पाळ्यांत सतत चालणारं काम. पण हे सगळं गाळप चालू असेपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीत मुलगा गेला तर चार क्रेडिटचं सोनं होतं. मे महिन्यात गेला तर बंद पडलेली यंत्रं आणि देखभालीची गडबड बघून परत येतो. सहकारी बँक आणि पतसंस्था मार्चमध्ये कुणाकडे मान वर करून बघत नाहीत. करसल्लागाराच्या कार्यालयात जुलै ते ऑक्टोबर खरं काम असतं, आणि आमची ओजेटी येते जानेवारी ते मेमध्ये. दुसऱ्या आणि सहाव्या सत्रातच ओजेटी हवी, हे आराखड्यापुरतं ठीक आहे. पण ज्या विषयाचं काम पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आसपास चालतं, त्याला ते तास आधीच्या सुट्टीत किंवा सत्रात करून क्रेडिट योग्य सत्रात दाखवायची मुभा हवी. आज अशी मुभा मागितली की ‘परिपत्रकात नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

तीन. प्रमाणपत्रं. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण याबद्दल सगळे खासगीत बोलतात आणि बैठकीत गप्प बसतात.

काकांचं दुकान, मामाची एजन्सी, ओळखीच्या सीएचं कार्यालय, गल्लीतलं कॉम्प्युटर सेंटर. लेटरहेड मिळतं, शिक्का मिळतो, १२० तास मिळतात. दुसरा प्रकार ऑनलाइन : काही पैसे भरायचे, ध्वनिचित्रफिती बघायच्या (किंवा नुसत्या चालू ठेवायच्या), आणि ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’चं रंगीत प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. यात विद्यार्थी लबाड आहे असं आम्ही म्हणत नाही. ज्याला ठिकाण मिळत नाही आणि क्रेडिट तर हवंच आहे, तो दुसरं काय करणार?

खोटी नोंदवही ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. बँकेच्या हजेरीत दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी सही असेल तर विचारा, कारण त्या दिवशी बँक बंद असते. एक मे, गुढीपाडवा, रविवार तपासा. पंधरा दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच बैठकीतल्या अक्षरात असतील तर ते लगेच दिसतं. रोज बरोबर आठ तास, ना कमी ना जास्त, असं खऱ्या कामाच्या जागी होत नाही. चार विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या आस्थापनांच्या प्रमाणपत्रांत मजकूर, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट, सारखा असेल तर तो एकाच ठिकाणी छापलेला आहे. हे सगळं आम्हाला दिसतं. पण दिसलं तर करायचं काय, याचा नियम नाही. क्रेडिट अडवलं तर विद्यार्थ्याचं वर्ष अडतं, प्राचार्यांना फोन येतात, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला पुढच्या वर्षी बोलावतीलच याची खात्री नसते. म्हणून सही होते.

चार. खरी आस्थापना मिळाली तरी काम खरं मिळतं असं नाही. झेरॉक्स काढणं, फायली लावणं, पत्रकं वाटणं, क्रेडिट कार्डाचे अर्ज भरून आणायचं टार्गेट. आस्थापनेचा दोष यात अर्धाच आहे. बँकेला कोअर बँकिंगचा पासवर्ड विद्यार्थ्याला देता येत नाही, देऊही नये. मग त्याला केवायसीचे कागद लावायला बसवतात. पण पासवर्डशिवाय होणारी आणि शिकवणारी कामं बँकेत पुष्कळ आहेत : मंजूर झालेल्या कर्ज प्रकरणाची फाइल नावं झाकून वाचायची, कोणता कागद कशासाठी लागला ते यादीशी पडताळायचं, नामंजूर प्रकरणात काय कमी पडलं ते लिहायचं. ही कामं आधी ठरवावी लागतात. ठरवायला महाविद्यालयातलं कुणीतरी अधिकाऱ्यासमोर अर्धा तास बसलं पाहिजे. तसं कुणी बसत नाही. आम्ही पाठवतो ते फक्त ‘आपल्या आस्थापनेत प्रशिक्षणाची संधी द्यावी’ असं जावक क्रमांकाचं पत्र.

कला शाखेत तर हा प्रश्न आणखी टोकाचा. मराठीच्या विद्यार्थ्याला कुठे पाठवायचं, असं विचारलं की लोक हसतात. हसण्यासारखं काही नाही. ‘अ’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात दाखल नोंदवहीशी पुस्तकं ताडून पाहणं, दुर्मीळ पुस्तकांची वर्णनात्मक सूची करणं, दैनिकाच्या किंवा साप्ताहिकाच्या कार्यालयात मुद्रितशोधन, ही सगळी तोलामोलाची कामं आहेत. पण त्याआधी तयारी लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी लिपी न शिकवता पुरालेखागारात धाडलं तर त्याचे १२० तास रुमाल (जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) सोडण्यात आणि बांधण्यात जातात. पहिल्या सत्रात मोडी आणि दुसऱ्या सत्रात पुरालेखागार, असा क्रम अभ्यासमंडळानं लावला तर तेच तास सोन्यासारखे.

पाच. मार्गदर्शक शिक्षक. विद्यापीठ अनुदान आयोगाची इंटर्नशिपची मार्गदर्शक तत्त्वं महाविद्यालयात समन्वय अधिकारी आणि मार्गदर्शक, तर आस्थापनेत पर्यवेक्षक असावा असं सांगतात. कागदावर तिघंही असतात. आता हिशेब बघा. एका शिक्षकाकडे २५ विद्यार्थी, २५ वेगळी ठिकाणं, प्रत्येकी दोन भेटी. पन्नास भेटी झाल्या. एका भेटीला जाऊन-येऊन अर्धा दिवस धरला तरी पंचवीस पूर्ण दिवस. सत्रात शिकवायचे दिवसच साधारण ९०. कार्यभारात या कामाचे किती तास धरायचे, याचं उत्तर महाविद्यालयागणिक वेगळं मिळतं, आणि प्रवासखर्चाचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आहे : मिळणार नाही. म्हणून भेटी फोनवर होतात, फोन व्हॉट्सअॅपवर होतो, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो येतो.

सहा. पैसे. एसटीचा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय या मार्गाचा असतो. ओजेटीचं ठिकाण जिल्ह्याच्या एमआयडीसीत असेल तर तो पास उपयोगाचा नाही. मुलींना निम्मं तिकीट असल्यानं थोडा आधार आहे, मुलांना पूर्ण तिकीट. पदवी झाल्यावर हाच तरुण मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत गेला तर सरकार त्याला महिना १०,००० रुपये विद्यावेतन देतं. पदवी होत असताना, सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, बसभाड्याचीही सोय नाही. परिणाम सरळ आहे : ज्याच्याकडे पैसे आहेत तो शहरातल्या चांगल्या ठिकाणी जातो, ज्याच्याकडे नाहीत तो काकांच्या दुकानात. आणि दोघांच्या गुणपत्रिकेवर आकडा सारखाच.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ आणि त्याखालच्या नियमांनुसार मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. तिथे आम्ही फुकटचे विद्यार्थी पाठवत राहिलो, तर ती आस्थापना पगारी शिकाऊ उमेदवार घ्यायचं टाळेल. म्हणजे आमच्याच आदल्या वर्षीच्या पदवीधराची संधी आम्ही आमच्याच हातानं घालवू. सामंजस्य करार करताना हे कुणी विचारत नाही, कारण करारांची संख्या मोजली जाते, आतला मजकूर नाही.

सात. सुरक्षितता. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा ‘प्रशिक्षणार्थी’ला स्पष्टपणे लागू आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. आमच्या किती विद्यार्थिनींना जाण्यापूर्वी हे सांगितलं जातं? नोंदवहीच्या पहिल्या पानावर छापायला दोन ओळी लागतात. अपघाताचंही तसंच. नोंदणीकृत शिकाऊ उमेदवाराला भरपाईचं कायदेशीर संरक्षण आहे, पण ओजेटीचा विद्यार्थी त्या व्याख्येत बसत नाही. प्रयोगशाळेत अॅसिड अंगावर उडालं तर जबाबदार आस्थापना, महाविद्यालय की विद्यापीठ, याचं लेखी उत्तर आम्हाला हवं आहे.

आता मूळ मुद्दा. आपण विद्यार्थ्याचं मूल्यमापन करता, ओजेटीचं करत नाही. विद्यार्थ्याला १०० पैकी गुण मिळतात, ज्या ठिकाणी तो गेला त्या ठिकाणाला, आणि ज्या महाविद्यालयानं पाठवलं त्या महाविद्यालयाला, काहीच मिळत नाही. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या निकषांत इंटर्नशिप आणि प्रकल्प केलेल्या विद्यार्थ्यांची टक्केवारी विचारली आहे. शंभर टक्के विद्यार्थ्यांनी केली की पूर्ण गुण. केंद्र सरकारची क्रमवारी, एनआयआरएफ, नोकरी लागलेल्यांचा आकडा आणि पगार विचारतं. या दोन्हीतून ओजेटी चांगली होती का, हे कळत नाही. नोकरीचा आकडा तर फसवाच आहे. हुशार, शहरी, इंग्रजी बोलणारी मुलं चांगल्या ठिकाणी निवडली जातात आणि त्यांना नोकऱ्याही लागतात. त्यात ओजेटीचा वाटा किती आणि मुलाचा आधीचा वाटा किती, हे सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांची तुलना केल्याशिवाय सांगता येणार नाही.

आस्थापनेकडून येणारा पाच चौकटींचा फॉर्म तर बंदच करावा. वक्तशीरपणा उत्तम, संवादकौशल्य उत्तम, शिस्त उत्तम. पंचवीस विद्यार्थ्यांचे फॉर्म शेजारी ठेवा आणि गुणांत किती फरक आहे ते बघा. जवळजवळ सगळे एकाच आकड्यावर असतील तर तो फॉर्म काहीच मोजत नाही. पर्यवेक्षकाला तीनच प्रश्न विचारावेत : कोणतं काम आता तुम्ही या विद्यार्थ्याला एकट्याला, न तपासता, करू द्याल? कोणतं अजिबात देणार नाही? पुढच्या वर्षी आमचा विद्यार्थी पुन्हा घ्याल का, आणि कशासाठी? तिसऱ्याचं उत्तर जपून वाचायचं. फुकट हात मिळत असतील तर ‘हो’ म्हणायला कुणाचं काय जातं!

विद्यार्थ्यांकडून घ्यायचा अभिप्रायही असाच नीट विचार करून घ्यावा. ‘आपण समाधानी आहात का?’ हा प्रश्न निरुपयोगी, उलट धोक्याचा आहे. जिथे काहीच काम नव्हतं आणि प्रमाणपत्र वेळेवर मिळालं, तिथलं समाधान सर्वांत जास्त असतं. त्याऐवजी मोजता येईल असं विचारा. १२० तासांपैकी किती तास नवीन शिकवलेलं काम केलं, किती तास तेच ते काम, आणि किती तास नुसतं बसून? तुमचं काम तपासून दुरुस्त करून किती वेळा परत दिलं? पर्यवेक्षक शेजारी बसून किती वेळा शिकवायला आला? हा अभिप्राय निकाल लागल्यावर घ्यावा. त्याआधी विचारलं तर विद्यार्थी गुणांकडे बघून उत्तर देतो. एका ठिकाणी एक-दोनच विद्यार्थी असतील तर उत्तर कुणाचं ते लगेच कळतं, म्हणून निदान पाच उत्तरं जमेपर्यंत त्या ठिकाणाचा अभिप्राय बाहेर देऊ नये. मात्र छळाची किंवा पैसे मागितल्याची तक्रार या नियमात अडकवू नये, ती त्याच दिवशी वेगळ्या मार्गानं गेली पाहिजे.

हे अशक्य नाही, कारण आपल्याच राज्यात इतर अभ्यासक्रम निदान रचनेत तरी यापेक्षा नीट चालतात. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेत ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे, आणि त्यातले किमान २५० तास डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध देण्यात घालवावे लागतात. म्हणजे नियम नुसते तास मोजून थांबत नाही, कशात घालवायचे तेही सांगतो. सीएच्या आर्टिकलशिपमध्ये (सीएच्या हाताखालच्या प्रशिक्षणात) एका सीएनं किती विद्यार्थी घ्यायचे यावर मर्यादा आहे. बीएडची शाळेतली आंतरवासिता सोळा आठवड्यांची. कृषी विद्यापीठांच्या ‘रावे’त (ग्रामीण कृषी कार्यानुभवात) विद्यार्थी एकेका शेतकऱ्याशी जोडलेला असतो. या अभ्यासक्रमांतही पळवाटा आहेत, त्या आम्हाला माहीत आहेत. पण जिच्यातून पळवाट काढावी अशी एक वाट तरी त्यांच्या नियमात आहे. ओजेटीत वाटच आखलेली नाही.

म्हणून आमच्या मागण्या.

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची : विद्यार्थी जाण्यापूर्वी एका पानाचा कामाचा आराखडा सक्तीचा करा. त्यात फक्त एवढंच असावं : विद्यार्थी करणार ती तीन-चार ठोस कामं, प्रत्येक कामाचे अंदाजे तास, शिकवणाऱ्या माणसाचं नाव आणि पद, विद्यार्थ्याला बाहेर नेता येतील असे कागद किंवा नमुने, आणि न नेता येणारे. विषयाशी संबंधित कामाचे तास निम्म्याहून कमी, म्हणजे ६० पेक्षा कमी, भरत असतील तर ते ठिकाण नाकारायचा अधिकार समन्वयकाला द्या. नाकारलं तर विद्यार्थ्याला त्याऐवजी महाविद्यालयातच क्षेत्रीय प्रकल्प करायचा पर्याय मिळावा. पदव्युत्तरच्या आराखड्यात ओजेटी किंवा क्षेत्रीय प्रकल्प असा पर्याय आहेच, तो सहाव्या सत्रातही मोकळा करा.

दुसरी : दोन भेटी किंवा संपर्क ठरवून द्या, एक २० तासांच्या आसपास, दुसरी ७० तासांच्या आसपास. पहिलीत ठिकाण चुकलं असेल तर बदलायला वेळ उरतो. दुसरीत आराखड्याप्रमाणे काम चाललंय का ते कळतं. शेवटी घेतलेल्या भेटीचा फोटोपलीकडे उपयोग नाही. या भेटींचे तास कार्यभारात धरा, प्रवासखर्च द्या, आणि एका शिक्षकाकडे जास्तीत जास्त बारा विद्यार्थी हे बंधन घाला.

तिसरी : दरवर्षी दहा टक्के विद्यार्थ्यांच्या ठिकाणी शेजारच्या महाविद्यालयातल्या दोन शिक्षकांनी तपासणीला जावं. नावं विद्यापीठानं चिठ्ठ्या टाकून काढावीत, महाविद्यालयाला आधी कळवू नये, आस्थापनेला त्याच दिवशी सकाळी फोन करावा. साठ विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला सहा भेटी होतात. एवढं झेपतं.

चौथी : तोंडी परीक्षेत निदान तीन प्रश्न सगळीकडे सारखे असावेत. एखाद्या दिवसाचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग. तू केलेलं काम तिथे पुढे कोण वापरतं? तुझ्याकडून झालेली एक चूक आणि ती कशी दुरुस्त झाली? ज्यानं काम केलंय तो तिसऱ्या प्रश्नाला हसून सुरुवात करतो. ज्यानं नाही केलं त्याच्याकडून कधी चूक झालेलीच नसते.

पाचवी : सर्व विद्यापीठांत मिळून एकच फॉर्म. एकाच शहरातल्या आस्थापनेकडे पाच महाविद्यालयं पाच नमुने घेऊन जातात आणि ती माणसं कंटाळून दार लावून घेतात. आस्थापनांची जिल्हावार यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवा : कोणत्या विषयाला योग्य, कोणत्या महिन्यांत काम असतं, एका वेळी किती विद्यार्थी, विद्यावेतन देते का, किती विद्यार्थी अर्ध्यात सोडून आले. सलग दोन वर्षं आराखड्याप्रमाणे काम न देणारी नावं यादीतून काढा. पैसे घेऊन ऑनलाइन प्रमाणपत्र देणाऱ्यांची क्रेडिट कोणत्याही परिस्थितीत धरू नका, आणि हे परिपत्रकात स्पष्ट लिहा, म्हणजे आम्हाला प्राचार्यांशी भांडावं लागणार नाही.

सहावी : विद्यापीठ विद्यार्थ्यांकडून विमा शुल्क घेत असेल तर त्या पॉलिसीत महाविद्यालयाबाहेरचे ओजेटीचे तास येतात का, ते लेखी कळवा. येत नसतील तर आणा. एसटी महामंडळाकडे ओजेटीच्या कालावधीपुरता मार्ग बदलून मिळेल अशा पासची मागणी शासनानं करावी. महामंडळ शासनाचंच आहे.

आणि सातवी : दरवर्षी महाविद्यालयवार एक पान जाहीर करा. किती विद्यार्थी गेले हे त्यात सर्वांत शेवटी लिहा. आधी लिहा की किती जणांचा आराखडा आधी मंजूर होता, दोन्ही भेटी किती जणांच्या झाल्या, निम्म्याहून जास्त तास विषयाचं काम किती जणांना मिळालं. मुलं आणि मुली, शहर आणि ग्रामीण, असे आकडे वेगळे द्या. एकत्र दिले की काकांचं दुकान सरासरीत लपून जातं.

यातल्या कुठल्याही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. अभ्यासमंडळ, विद्यापरिषद, परीक्षा व मूल्यमापन मंडळ आणि एक परिपत्रक एवढ्यावर भागतं. आराखड्याच्या एका पानाचा आणि तीन प्रश्नांच्या फॉर्मचा मसुदा तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत, मानधनाशिवाय. पदवीची पहिली मोठी तुकडी सहाव्या सत्रात जाण्यापूर्वी, म्हणजे डिसेंबर २०२६ च्या आत, हा विषय विद्यापरिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि झालेला निर्णय महाविद्यालयांना लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
संलग्न महाविद्यालयांतील ओजेटी समन्वयक आणि मार्गदर्शक शिक्षक